जन्मापासून जरेपर्यंत : मनाची वाढ कशी होते?

मनुष्याच्या शरीराची वाढ डोळ्यांना दिसते. मूल रांगू लागते, चालू लागते, त्यास मिसरूड फुटते, पुढे केस पिकतात, कंबर वाकते. आणि या प्रत्येक टप्प्याची नोंद घरातील मंडळी आपोआप ठेवीत असतात. मनाच्या वाढीचे तसे नाही. पुष्कळांची अशी समजूत असते की, मूल सोळा-अठरा वर्षांचे झाले, त्यास चार व्यवहार कळू लागले, म्हणजे मनाची वाढ पूर्ण झाली; त्यापुढे उरतो तो केवळ अनुभव. ही समजूत बरोबर नाही, असे मानसशास्त्राने गेल्या शतकात दाखवून दिले आहे. मन पाळण्यापासून थेट अखेरच्या दिवसापर्यंत वाढू शकते, आणि वयाच्या प्रत्येक टप्प्यावर त्याच्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न कोणता, व तो सुटावा म्हणून घरच्यांनी काय करावयाचे, याची माहिती आपल्या व्यापारी कुटुंबांस व्हावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

आम्ही या शास्त्राचे पंडित नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य घाऊक धान्याच्या पेढीवर गेलेले. तथापि ज्या गृहस्थांच्या विचारांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे, त्यांच्यापाशीही विद्यापीठाची पदवी नव्हती. आणि तरीही ते पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले.

एरिकसन आणि त्यांचे आठ टप्पे

एरिक एरिकसन यांचा जन्म १९०२ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. आई डेन्मार्कमधील ज्यू कुटुंबातील. जन्मदात्या पित्याचे नाव त्यांस अखेरपर्यंत कळले नाही. सावत्र वडील मुलांचे डॉक्टर होते. त्यांचेच आडनाव मुलास मिळाले. मूल उंच व सोनेरी केसांचे असल्यामुळे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात इतर मुले त्यास परका म्हणून चिडवीत, आणि शाळेत तेच मूल ज्यू म्हणून हिणवले जाई. मुलाने डॉक्टर व्हावे अशी सावत्र वडिलांची इच्छा होती; ती न मानता हा तरुण चित्रे काढीत काही वर्षे भटकत राहिला. १९२७ साली त्यास व्हिएन्ना येथे लहान मुलांच्या एका शाळेत शिक्षकाची जागा मिळाली, आणि तेथे सिग्मंड फ्रॉइड यांच्या कन्या ॲना फ्रॉइड यांच्या हाताखाली मनोविश्लेषणाचे शिक्षण झाले. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली, त्याच वर्षी एरिकसन सहकुटुंब अमेरिकेस गेले. तेथे १९५० साली ‘बाल्य आणि समाज’ अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि आयुष्याच्या आठ टप्प्यांची कल्पना त्यातून जगापुढे आली. १९९४ साली ते निवर्तले.

फ्रॉइड यांचा भर बालपणाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांवर होता. एरिकसन यांनी ती मर्यादा ओलांडून वाढीचा विचार म्हातारपणापर्यंत नेला. त्यांच्या मते प्रत्येक टप्प्यावर मनात दोन विरोधी प्रवृत्तींची ओढाताण चालते, आणि चांगल्या प्रवृत्तीचे पारडे थोडे जड राहिले की माणसास एक नवे बळ प्राप्त होते. दुसरे पारडे अगदी रिकामे व्हावे, असे मात्र त्यांनी म्हटलेले नाही. केवळ विश्वासच शिकलेला आणि संशय मुळीच न शिकलेला माणूस उधारीच्या धंद्यात किती दिवस टिकेल, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. दुसरी गोष्ट अशी की, एका टप्प्यावर जे सुटले नाही, त्याची बाकी पुढील पानावर ओढली जाते. ती पुढे फेडता येते. परंतु तोवर तिच्यावर व्याज चढलेले असते.

पहिली सहा वर्षे

पहिला प्रश्न तान्ह्या बाळाचा : या जगावर विश्वास ठेवावा की नाही? बाळास भाषा नसते; त्यास भूक लागते, ओले होते, भीती वाटते, आणि ते रडते. त्या रडण्यास कोणी प्रेमाने व नियमितपणे धावून आले, तर जग विश्वासाचे आहे अशी गाठ मनात बसते. येथे केवळ दुधाने काम भागत नाही. अमेरिकेतील हॅरी हार्लो या शास्त्रज्ञांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माकडाच्या पिलांपुढे दोन कृत्रिम माता ठेवल्या : एक तारेची, पण दूध देणारी, दुसरी मऊ कापडाची, पण दूध न देणारी. पिले दुधापुरती तारेच्या मातेकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाच्या मातेस बिलगून राहत. हे प्रयोग मुक्या जीवांस क्लेश देणारे होते, व त्यांवर पुढे कठोर टीका झाली, ती योग्यच होय. परंतु पोट भरणे निराळे आणि माया मिळणे निराळे, हे त्यांतून स्पष्ट झाले. एकत्र कुटुंबात आजी, काकू, आत्या यांच्या मांड्या बाळास मिळतात, हे मोठेच धन. या विश्वासातून जे बळ येते, त्यास एरिकसन यांनी ‘आशा’ म्हटले आहे.

दीड ते तीन वर्षांचे मूल “मी घालीन”, “मी जेवीन” असे म्हणू लागते. येथे प्रश्न स्वाधीनतेचा आहे, आणि तिच्यासमोर उभी असते ती लाज. सदरा उलटा घातला, वरणभात सांडला, चड्डी ओली केली, म्हणून पाहुण्यांदेखत हसणे किंवा ओरडणे हा या वयातील सर्वांत मोठा अन्याय होय. बंधने अवश्य असावीत. परंतु ती थोडी, ठाम, आणि आज एक उद्या दुसरे अशी न बदलणारी असावीत.

तीन ते सहा हे खेळाचे वय. मूल दुकान मांडते, खोटा तराजू धरते, गिऱ्हाइकाशी घासाघीस करते. हा पोरखेळ नव्हे. पुढाकार घेण्याचा तो पहिला सराव आहे. प्रत्येक प्रश्नास “गप्प बैस” हेच उत्तर मिळाले, तर आपण काही करू पाहणे हाच गुन्हा आहे, अशी भावना मुलाच्या मनात घर करते. एरिकसन यांनी माँटेसरी पद्धतीचे शिक्षण घेतले होते. त्याच पद्धतीची प्रेरणा घेऊन आपल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्यासह बालवाडीचे काम उभे केले. शंख, शिंपले, बिया, पाने हीच साधने घेऊन गरीब घरचे मूलही हाताने करीत शिकू शकते, हे या बायकांनी सिद्ध केले.

शाळेचे वय

सहाव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत मुलास काहीतरी नीट करता यावे अशी ओढ असते : लिहिणे, हिशेब, चित्र, पोहणे, सायकल. जमले तर कर्तबगारीची भावना येते. न जमले, किंवा जमलेले कोणी पाहिले नाही, तर आपण इतरांहून कमी आहोत, हा सल राहतो.

या वयाआधी घाई करू नये, यास सबळ कारण आहे. स्वित्झर्लंडचे झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांची बुद्धी कशी वाढते, याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा एक साधा प्रयोग कोणासही घरी करून पाहता येईल. सारखी ज्वारी दोन सारख्या पसरट वाट्यांत घालावी. मुलाने दोन्ही सारख्या म्हटल्यावर एका वाटीतील ज्वारी त्याच्या देखत उंच, निमुळत्या पेल्यात ओतावी, आणि आता कोठे जास्त आहे, असे विचारावे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा पेल्याकडे बोट दाखवील. सातव्या वर्षाच्या सुमारास तेच मूल हसून सांगते की, काढले नाही, घातले नाही, मग जास्त कसे होईल? पहिले उत्तर मूर्खपणाचे नव्हे. ते त्या वयाचे उत्तर होय. मारून ते बदलत नाही. वय आणि हाताळणी यांनीच बदलते.

आपल्या घरांत आणखी एक खोड आहे, ती म्हणजे चुलतभावांच्या गुणांची जेवणाच्या ताटावर तुलना. वखारीतील दोन पोत्यांची प्रत तुलनेने ठरते. मुलांचे तसे नाही. एरिकसन यांनी याच्या उलट धोकाही सांगितला आहे. ज्या मुलास केवळ कामाचीच किंमत शिकविली जाते, ते पुढे कामाचे गुलाम होते, आणि कामापलीकडे माणसाचे मोल त्यास कळत नाही.

“मी कोण?” : तारुण्याचा उंबरठा

पाचवा टप्पा किशोरवयाचा, आणि एरिकसन यांचे नाव प्रामुख्याने याच्याशी जोडले गेले आहे. बाप कोण हे ज्यास ठाऊक नव्हते, ज्यास कोणताच समाज आपला म्हणत नव्हता, त्यानेच स्वतःच्या ओळखीचा प्रश्न शास्त्रात आणावा, यात नवल नाही. शरीर एकाएकी बदलते, लोक निराळ्या नजरेने पाहू लागतात, आणि मुलगा किंवा मुलगी विचारू लागते की, घरच्यांनी सांगितलेला मी खरा, मित्रांतला मी खरा, की तिसराच कोणी? आपल्या सीमाभागातील मुलांस हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. घरी मराठी, बाजारात कानडी, शाळेत इंग्रजी. तीन भाषा हे वैभव आहे. परंतु तिन्हींत आपण एकच आहोत, हे मनाशी जुळवावयास वेळ लागतो. हा वेळ मुलांस मिळालाच पाहिजे, असे एरिकसन यांचे आग्रहाचे सांगणे होते. कर्जदारास जशी मुदत मिळते, तशी ही मुदत. या काळात मुलगा आज एक, उद्या दुसरे म्हणतो, तो उनाडपणाच असतो असे नाही.

१९६६ साली जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञांनी हा विचार पुढे नेला. कोणी शोध घेऊन वाट ठरवितो, कोणी अद्याप शोधीत असतो, कोणी शोधतही नाही व ठरवीतही नाही. आणि कोणी शोध न घेता वडिलांनी दाखविलेली वाट आहे तशी स्वीकारतो, असे चार प्रकार त्यांनी मांडले. यातील चौथा प्रकार व्यापारी कुटुंबांनी नीट पाहण्याजोगा आहे. मुलगा आज्ञाधारकपणे गादीवर येऊन बसतो, सर्वांस समाधान वाटते. परंतु वानगी न पाहता घेतलेला माल जसा पुढे घोटाळ्यात आणतो, तशी न तपासलेली वाट पहिल्या मोठ्या तोट्याच्या वेळी मनास सावरू देत नाही. मुलाने वडिलांचाच धंदा करणे यात काहीच गैर नाही. तो त्याने पाहून, पारखून पत्करलेला असावा, एवढेच. घरातील मुलींसही हीच मुदत हवी. आता कित्येक पेढ्यांवर संगणकाचे हिशेब, कराचे विवरण व परगावची बोलणी मुली समर्थपणे करीत आहेत.

येथे अहमदाबादच्या अंबालाल साराभाई या जैन गिरणीमालकांचे घर आठवते. त्यांचे चिरंजीव विक्रम साराभाई (१९१९–१९७१) यांचा ओढा पदार्थविज्ञानाकडे होता. ते केंब्रिजला शिकले, त्यांनी १९४७ साली अहमदाबादेत भौतिकशास्त्राची संशोधनशाळा स्थापिली, आणि भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पाया घातला. कुटुंबाच्या उद्योगांतही त्यांनी जबाबदारी उचलली. मुलास आपली वाट मिळाली म्हणून घराण्याचा उद्योग बुडाला नाही.

जोडीदार आणि मित्र

ज्यास स्वतःची ओळख पटली, तोच दुसऱ्याच्या जवळ निर्भयपणे जाऊ शकतो. तारुण्याचा हा सहावा प्रश्न जवळीक आणि एकटेपणा यांमधील आहे. लग्न ठरवून झालेले असो वा आपल्या पसंतीने, मंगलाष्टकांनी तो आपोआप सुटत नाही. दिवसभर पेढी, रात्री रोजमेळ, आणि सूनबाईशी बोलणे केवळ घरखर्चापुरते, अशी कित्येक वर्षे जातात. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात शेकडो माणसांचे आयुष्य ऐंशीहून अधिक वर्षे पाहिले गेले आहे. पन्नाशीत ज्यांना आपल्या नात्यांचे समाधान होते, ते ऐंशीत अधिक निरोगी आढळले. तेव्हा घरातील संवाद ही चैन नव्हे.

मध्यम वय : देण्याचा काळ

आमच्या मते वाचकांनी सर्वाधिक विचार करावा असा टप्पा सातवा आहे; कारण संघाचे बहुतेक सभासद याच वयातील. चाळिशीपासून पुढे मनापुढे प्रश्न येतो तो असा : आपण पुढील पिढीस काही देतो आहोत, की जागच्या जागी साचलो आहोत? मुले वाढविणे, नवख्यास धंदा शिकविणे, शाळा-दवाखाना चालविणे, झाड लावणे, हे सारे देण्यात येते. यातून येणारे बळ म्हणजे ‘आस्था’. उलट, जो देत नाही तो स्वतःचेच एकुलत्या एका मुलासारखे लाड करू लागतो. त्याचे दुखणे, त्याचा मान, त्याचे जेवण हेच घराचे केंद्र होऊन बसते.

हा विषय एरिकसन यांना आपल्याच देशात घेऊन आला. १९६२ साली मानवी जीवनचक्रावरील चर्चासत्रासाठी ते अहमदाबादेस आले. आपल्याकडील चार आश्रमांची कल्पना आणि आपले आठ टप्पे यांत साम्य आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते. तेथे वर उल्लेखिलेल्या अंबालाल साराभाईंशी परिचय झाला, आणि १९१८ च्या गिरणी संपाची हकीकत त्यांच्या मनात रुजली. त्या संपात अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे अंबालाल मालकांच्या बाजूस, त्यांच्या थोरल्या भगिनी अनसूयाबेन मजुरांच्या बाजूस, आणि मजुरांना मार्ग दाखविण्यास गांधीजी. मालक पगारात वीस टक्के वाढ देऊ करीत होते. गांधीजींनी पस्तीस टक्के ही रास्त मागणी ठरविली, उपोषण केले, आणि प्रकरण लवादाकडे गेले. बहीण-भाऊ परस्परविरुद्ध उभे होते. पण स्नेह तुटला नाही. त्या वेळी गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे, म्हणजे नेमके या सातव्या टप्प्यावर होते. एरिकसन यांनी यावर १९६९ साली ग्रंथ लिहिला, व त्यास पुढील वर्षी अमेरिकेतील पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आता आपल्या पेढीकडे वळू. दोन पिढ्यांची आयुष्ये दातेरी चाकांप्रमाणे एकमेकांत अडकलेली असतात, हा एरिकसन यांचा विचार येथे तंतोतंत लागू पडतो. मुलाचा प्रश्न “मी कोण?” हा, आणि बापाचा प्रश्न “मी काय देतो?” हा. बापाने दिल्यावाचून मुलाचा प्रश्न सुटत नाही, आणि मुलाने घेतल्यावाचून बापाचा. पस्तीस वर्षांचा मुलगा आणि त्याच्या हाती अद्याप तिजोरीची किल्ली नाही, बँकेत सही नाही, खरेदीचा शब्द नाही, असे चित्र आपल्या बाजारात विरळा नाही. मुलगा मनाने अठराव्या वर्षीच थांबतो. वडील चाक अडवून स्वतःही थांबतात. आणि एक दिवस दुखणे येऊन जे स्वखुशीने द्यावयाचे ते हिसकावून नेते. त्यानंतर भावाभावांत काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

याचा अर्थ सारे एकदम सोपवावे, असा नव्हे. प्रथम एकच जिन्नस, समजा तूर किंवा गूळ, मुलाकडे पूर्ण सोपवावा. किती तोटा सोसावयाचा, ती मर्यादा आधी ठरवावी. मग त्या मर्यादेच्या आत मध्ये बोलू नये, दलालासमोर तर मुळीच नाही. हंगाम संपल्यावर दोघांनी बसून खाते पाहावे. दोन-तीन हंगामांत सहीचा अधिकार द्यावा. स्वतःच्या उतारवयाची तरतूद मात्र वेगळी व आपल्या नावे राखावी. म्हणजे देणाऱ्याच्या मनात भीती राहत नाही, आणि घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे पडत नाही.

म्हातारपण

आठवा व अखेरचा प्रश्न मागे वळून पाहण्याचा आहे. हे आयुष्य जसे गेले तसे माझे होते, असे म्हणता येते. किंवा आता वेळ उरला नाही, ही हळहळ उरते. पहिल्यातून येणारे बळ म्हणजे ‘शहाणपण’.

बुद्धी म्हातारपणी सरसकट ओसरते, हेही खरे नाही. संशोधक दोन प्रकारची बुद्धी मानतात : नवे कोडे झटपट सोडविण्याची, आणि अनुभवाने साठलेली. पहिली तारुण्यानंतर हळूहळू मंदावते. दुसरी पुष्कळ काळ टिकते. तोंडी हिशेबास वडिलांस वेळ लागेल. पण मूठभर गहू हातात घेऊन त्यातील ओल सांगण्याची त्यांची पारख शाबूत असते. ती विचारीत जावी. मात्र रोजच्या गोष्टी एकाएकी विसरणे, ओळखीचा रस्ता चुकणे, पैशाचे व्यवहार न उमगणे, अशी लक्षणे दिसली, तर “वय झाले” म्हणून सोडून न देता डॉक्टरांस दाखवावे. तो आजार असू शकतो.

आजोबा त्याच त्या जुन्या गोष्टी सांगतात, म्हणून घरची मुले कंटाळतात. अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली दाखवून दिले की, हे आठवणे म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे. आयुष्याचा ताळेबंद जुळविण्याची ती मनाची स्वाभाविक क्रिया होय. ऐकणारा मिळाला तर ताळेबंद जुळतो. आपल्याकडे पर्युषणाच्या अखेरीस क्षमा मागण्याची व देण्याची चाल आहे. जुने वैर मिटवून मन हलके करण्याचे हे साधन वृद्धांस या दृष्टीने फार मोलाचे आहे. एरिकसन यांच्या पत्नी जोन यांनी नव्वदीच्या वयात, ऐंशी-नव्वदीतील परावलंबी अवस्थेसाठी नववा टप्पा सुचविला, तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्या वयात पहिलेच प्रश्न पुन्हा उभे राहतात. हात धरणाऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही, येथपासून. तान्ह्या बाळास जे दिले, तेच तेव्हा आई-वडिलांस द्यावयाचे असते.

समारोप

या मांडणीवर आक्षेपही घेण्यात आले आहेत. ती मुख्यत्वे पुरुषांच्या व पाश्चात्त्य समाजाच्या आयुष्यावरून रचली आहे. पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत ओळख आणि जवळीक यांचा क्रम असाच राहत नाही. वयाच्या सीमाही काटेकोर नाहीत. ते खरे आहे. तेव्हा हे आठ टप्पे म्हणजे वजनमाप नव्हे. धान्याची रास नजरेने अजमावावी, तसा तो अंदाज होय. परंतु अंदाजही उपयोगी पडतो. घरातील प्रत्येक माणूस आज कोणत्या प्रश्नाशी झुंजत आहे, हे ओळखता आले, तर रागावण्याचे निम्मे प्रसंग टळतील.

सभासद बंधु-भगिनींस एवढीच विनंती की, दिवाळीस वहीपूजन कराल, तेव्हा घरातील माणसांचाही एकदा विचार करावा : बाळास माया, मुलास शाबासकी, तरुणास मुदत, कर्त्या मुलास किल्ली, आणि वृद्धास ऐकणारा कान मिळतो की नाही. ज्या घरी हे मिळते, त्या घराची पेढी पुढल्या पिढीच्या हातीही सुखरूप राहील, असा आमचा विश्वास आहे.